शस्त्रक्रियेनंतरचा खोकला

आमचें सिल्लोड पूर्वीं निजामाच्या राज्यांत होतें. त्याच राज्यांत, हैदराबादेस, 1888 व 1889 सालीं क्लोरोफॉर्मच्या परीक्षेकरितां दोन मंडळें बसलीं. परंतु असें औषध शुद्धि हरतें. शुद्धीबरोबर वेदनाहि परतते. मग पोट शिवलेला रोगी खोल श्वास घेत नाहीं, खोकत नाहीं. कफ सांचून फुप्फुसदाहाचें भय उत्पन्न होतें. ही वेदना निमूटपणें सोसावयाची, असें आम्ही समजत होतों. ती आमची चूक.

पोटाच्या भिंतीच्या बाजूस स्नायूंचे तीन थर असतात. आंतल्या दोहोंमधून जखमेची संवेदना नेणारे मज्जातंतु जातात. त्या पदरांत बधिरतेचें औषध सोडण्याची रीत डॉ. राफी यांनीं 2001 सालीं वर्णिली. आतां सुई ध्वनिलहरींच्या चित्रांत पाहून घालतात. आंतड्यांचा खोल ठणका मात्र यानें शमत नाहीं. त्यास निराळें औषध लागतें. बधिरता कांहीं तास टिकते, आणि तेवढ्यांत रोग्यास उठवून बसवितां येतें, खोकावयास लावितां येतें.