मजल-दरमजल : विद्युत मोटारीच्या दीर्घ प्रवासातील चार्जिंग थांब्यांचे नियोजन
(कासारवाडी ते नागपूर या मार्गाच्या संदर्भात)

प्रस्तावना

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर नाशिक फाट्याला लागून असलेली कासारवाडी ही पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील एक दाट वस्ती होय. येथील कामगार व नोकरदार वर्गात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे आहेत. दिवाळीत किंवा उन्हाळी सुट्टीत गावी जाणे हा त्यांच्या वार्षिक जीवनक्रमाचा भाग असतो. या पट्ट्यात आणि त्याच्या परिसरातच आज विद्युत वाहने तयार होतात. बजाजची विद्युत चेतक आकुर्डीत आणि महिंद्रच्या नव्या विद्युत मोटारी चाकणला तयार होतात. नगर रस्त्यावरील रांजणगावातही हे काम चालते. शहरांतर्गत वापरासाठी अशी मोटार सोयीची ठरते, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. तथापि तीच मोटार घेऊन वृद्ध आईवडील व लहान मुलांसह नागपूरला जाण्याचा विचार येताच कुटुंबात शंका उपस्थित होते : वाटेत चार्जिंग मिळेल काय, आणि न मिळाल्यास काय?

मराठीत दीर्घ प्रवासासाठी ‘मजल-दरमजल’ हा जुना शब्दप्रयोग आहे. एका दिवसात जेवढी वाट सुरक्षितपणे चालता येईल व जिच्या शेवटी पाणी आणि निवारा मिळेल, ती मजल. फौजा आणि यात्रेकरू आपला प्रवास एकूण अंतराच्या हिशेबाने नव्हे, तर मजलांच्या हिशेबाने आखीत. पेट्रोलच्या मोटारीने हा हिशेब विस्मरणात टाकला. विद्युत मोटारीमुळे तो पुन्हा आवश्यक झाला आहे. प्रस्तुत लेखात ही मजल कशी काढावी, हे एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रमाणित पल्ला आणि प्रत्यक्ष पल्ला

मोटारीच्या जाहिरातीत दिलेला पल्ला हा प्रयोगशाळेतील ठरावीक चालन-चक्रावर मोजलेला असतो. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही अशा चाचण्या घेणारी देशातील प्रमुख संस्था आहे. या चक्राचे नाव ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’, म्हणजे संक्षेपाने एमआयडीसी. कासारवाडीच्या रहिवाशाला एमआयडीसी म्हटले की भोसरीची औद्योगिक वसाहत आठवते. या दुसऱ्या एमआयडीसीची ओळख त्याला बहुधा मोटार घेतल्यानंतरच होते.

या चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असून तोही अल्पकाळच गाठला जातो. उर्वरित चाचणी मंद शहरी वाहतुकीचे अनुकरण करते. त्यामुळे टाटा नेक्सॉनच्या ४५ युनिट (किलोवॉट-तास) क्षमतेच्या आवृत्तीसाठी ४८९ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला जाहीर झाला, म्हणजे एका युनिटमागे सुमारे ११ किलोमीटर. ही आकडेवारी खोटी नाही. दोन मोटारींची तुलना करण्यास ती उपयुक्त आहे. मात्र महामार्गावरील थांबे ठरविण्यासाठी ती वापरणे ही मोठी चूक ठरते.

कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाशांसह १७०० किलोग्रॅम वजनाची, मध्यम उंचीची मोटार गृहीत धरून आणि वातानुकूलन चालू ठेवून प्राथमिक सूत्रांनी हिशेब केला, तर सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने एका युनिटमध्ये सुमारे ७ किलोमीटर, १०० च्या वेगाने साडेपाच आणि १२० च्या वेगाने ४.४ किलोमीटर अंतर पडते. प्रत्येक मोटारीगणिक हे आकडे थोडे बदलतील, पण त्यांचा परस्परसंबंध बदलणार नाही.

चढावाची भीती मात्र अनेकदा वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतचा चढ सुमारे ५५० मीटरचा आहे. वरील मोटार तेवढी उंच चढविण्यास सैद्धांतिकदृष्ट्या अडीच युनिट आणि प्रत्यक्षात सुमारे तीन युनिट वीज अधिक लागते. उतरताना ब्रेक लावण्यातून तिचा बराचसा भाग परतही मिळतो. बोरघाटाची धास्ती घेणारा चालक सपाट द्रुतगती मार्गावर तासाभरात त्याहून अधिक वीज केवळ वेगापायी खर्च करतो, आणि त्याची त्याला जाणीवही नसते.

मजल काढण्याची रीत

विद्युतघट शून्यापर्यंत वापरणे धोक्याचे असते आणि वाटेत तो शंभर टक्के भरणे वेळखाऊ ठरते. जलद चार्जिंगमध्ये घट रिकामा असताना वीज वेगाने घेतली जाते. ८० टक्क्यांच्या पुढे पेशींच्या संरक्षणासाठी हा वेग झपाट्याने घटवला जातो. शेवटच्या पंचमांशाला कधीकधी आधीच्या सर्व भागाइतका वेळ लागतो. म्हणून वाटेतील थांब्यांवर ८० टक्क्यांपर्यंत भरावे व १५ टक्के राखीव ठेवावे, हा सर्वसाधारण संकेत आहे. याचा अर्थ ४५ युनिटच्या घटातील केवळ ६५ टक्के, म्हणजे सुमारे २९ युनिट, एका मजलेसाठी उपलब्ध असतात. त्यावर ताशी १०० च्या वेगाने सुमारे १६०, आणि १२० च्या वेगाने सुमारे १२८ किलोमीटर जाता येते. ४८९ किलोमीटरच्या मोटारीची खरी मजल ही एवढीच असते.

आता मार्गाचा विचार करू. कासारवाडीहून नाशिक फाटा, चाकण, शिक्रापूर, रांजणगावमार्गे अहिल्यानगर सुमारे १३० किलोमीटर आहे. तेथून इमामपूर घाट ओलांडून छत्रपती संभाजीनगर सुमारे ११५, आणि पुढे समृद्धी महामार्गाने नागपूर सुमारे ४३० किलोमीटर आहे. या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ पासून वाहतुकीस उपलब्ध आहे.

आदल्या रात्री घरीच घट पूर्ण भरून पहाटे निघाल्यास पहिला भाग सुखाचा असतो. चाकण-शिक्रापूर रस्त्यावरील अवजड वाहनांमुळे वेग कमी राहतो. चालकाला त्याचा त्रास होत असला, तरी युनिटमागे साडेसात किलोमीटर मिळण्यास तो अनुकूल ठरतो. संभाजीनगरला पोहोचताना सुमारे ३० टक्के वीज शिल्लक राहते. येथे, शहरात, जेवणाच्या वेळी ९० टक्क्यांपर्यंत भरणे योग्य. पुढील रस्ता प्रवेश-नियंत्रित असल्याने हा अपवाद करावा.

समृद्धीवर ताशी १०० चा वेग ठेवल्यास पहिली मजल सुमारे १८५ व दुसरी १६० किलोमीटरची होते आणि उरलेले ८५ किलोमीटर निश्चिंतपणे पार पडतात. म्हणजे महामार्गावर दोन थांबे लागतात. अनुज्ञेय कमाल वेगाने, म्हणजे १२० ने गेल्यास महामार्गावरील दोन थांब्यांनंतरही नागपूरच्या वेशीवर राखीव साठ्याला हात घालावा लागतो, आणि तो टाळायचा तर तिसरा थांबा घ्यावा लागतो. या वेगाने ४३० किलोमीटरमध्ये सुमारे ४३ मिनिटे वाचतात. परंतु सुमारे २० युनिट वीज अधिक खर्च होते. सरासरी ४५ किलोवॉटने ती भरण्यास २६-२७ मिनिटे जातात. तिसरा थांबा घेतल्यास मार्गिकेतून बाहेर पडणे, रांग आणि यंत्र सुरू करण्याचा वेळ त्यात मिळवावा, म्हणजे वाचलेल्या वेळेतून हाती जवळजवळ काहीच लागत नाही. ६० किलोवॉट असे लिहिलेल्या यंत्राला अनेकदा दोन नळ्या असतात. शेजारी दुसरी मोटार लागताच ही शक्ती विभागली जाते. अशा वेळी वेगाने आलेला चालकच मागे पडतो.

थांब्याची विश्वसनीयता

नकाशावर चार्जिंग केंद्राची खूण असणे आणि तेथे आपल्याला वीज मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र नादुरुस्त असणे, वीजपुरवठा खंडित असणे, मोबाइलचे नेटवर्क नसल्याने पैसे भरता न येणे किंवा यंत्रापुढे पेट्रोलची मोटार उभी असणे, यांपैकी कोणतेही एक कारण मजल मोडण्यास पुरेसे असते. समजा, प्रत्येक थांब्यावर वीज मिळण्याची शक्यता ८० टक्के आहे. तर तीन एकेकट्या यंत्रांवर विसंबलेला प्रवास अडथळ्याविना पूर्ण होण्याची शक्यता केवळ ५१ टक्के उरते. प्रत्येक ठिकाणी आवाक्यात एक पर्यायी यंत्र असेल, तर हीच शक्यता ८८ टक्क्यांवर जाते.

अर्थात हा हिशेब दोन्ही यंत्रे परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच लागू होतो. एकाच आवारातील दोन यंत्रे एकाच वीजवाहिनीवर असतात, आणि वाहिनी बंद पडली की दोन्ही एकदम बंद पडतात. म्हणून पर्याय पुढील गावातला किंवा पुढील आंतरबदलाजवळचा निवडावा. राखीव १५ टक्के ठेवण्याचे खरे प्रयोजनही हेच असून, पहिल्या केंद्रावर निराशा झाल्यास दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याइतकी वीज हाती असली पाहिजे. दुसरे केंद्र चाळीस किलोमीटरवर असेल, तर १५ टक्क्यांत कसेबसे ३०-३५ किलोमीटर होतात. तेथे २५ टक्के राखावे लागतील आणि मजल तेवढी आखूड होईल.

प्रवेश-नियंत्रित महामार्गावर आणखी एक सापळा असतो. सरळ रेषेत दोन किलोमीटरवर दिसणारे केंद्र विरुद्ध मार्गिकेवर असल्यास त्याचा उपयोग नसतो, कारण पुढील आंतरबदलापर्यंत जाऊन परतावे लागते. नियोजन करताना अंतर नकाशावर बोटाने न मोजता वाटेने मोजावे. निघण्यापूर्वी केंद्रावर दूरध्वनी करून यंत्र चालू असल्याची खात्री करणे हा उपाय साधा असला, तरी त्याची बरोबरी करणारे साधन नाही.

दिवाळीचा प्रश्न स्वतंत्र आहे. या औद्योगिक पट्ट्याची गुरुवारची साप्ताहिक सुट्टी वीजभार विभागण्यासाठी योजली गेली, हे सर्वज्ञात आहे. दिवाळीत मात्र कारखान्यांना एकाच वेळी सुट्टी लागते, आणि एकाच संध्याकाळी सारे नगर रस्त्याला लागतात. ४० मिनिटे घेणाऱ्या यंत्रापुढे तीन मोटारी असल्या तरी दोन तास जातात. पेट्रोल पंपावरील रांगेशी याची तुलना करणे फसवे आहे. अशा दिवशी पहाटे चारला निघणे किंवा एक दिवस थांबणे, हाच नियोजनाचा मुख्य भाग होतो.

धोरणाची दृष्टी

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असावे, असे सुचविले होते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणातही २५ किलोमीटरचेच अंतर आहे. शिवाय समृद्धीसह काही मार्गांवर विद्युत मोटारींना पथकरातून सूट देण्याची तरतूद त्यात आहे. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु प्रगतीचे मोजमाप बहुधा केंद्रांच्या एकूण संख्येने केले जाते, आणि प्रवाशाच्या दृष्टीने ही संख्या जवळजवळ निरर्थक असते. पुण्यात आणखी शंभर यंत्रे बसली तरी नागपूरच्या प्रवाशाची मजल एका किलोमीटरनेही वाढत नाही. त्याला महत्त्वाचे असते ते मार्गावरील दोन चालू केंद्रांमधील सर्वांत मोठे अंतर, आणि ती केंद्रे वर्षातील किती दिवस खरोखर चालू होती याची नोंद.

परतीचा प्रवास

जाताना आखलेले थांबे परतीला तसेच वापरता येतील, हा समज तपासून घ्यावा लागतो. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर, तर संभाजीनगरची सुमारे ५७० मीटर असल्याने येताना एकूण चढ आहे. त्याचा भार सव्वा-दीड युनिटांपेक्षा अधिक नाही. वाऱ्याचा भार मात्र मोठा असतो. पावसाळ्यात पश्चिमेकडून वाहणारा वारा पुण्याकडे येणाऱ्या मोटारीला समोरून मिळतो. ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात १०० च्या वेगाने जाणाऱ्या मोटारीला ११५ च्या वेगाइतका हवेचा विरोध होतो, आणि १६० किलोमीटरची मजल सुमारे १३३ वर येते. मे महिन्यात विदर्भातील उन्हात तापलेला घट जलद चार्जिंग पूर्ण शक्तीने स्वीकारत नाही. तेव्हा दुपारचा थांबा लांबतो, आणि पहिला थांबा सकाळीच उरकणे हिताचे ठरते.

परतीची पहिली मजल ज्या विजेवर करायची ती आप्तांच्या घरी भरली जाते. तेथे १६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात ३० युनिटपर्यंत वीज मिळू शकते आणि बाहेरच्या केंद्राची गरज उरत नाही. मात्र जुन्या घरांत अर्थिंग नसले किंवा सदोष असले, तर मोटारीसोबतचा चार्जर सुरूच होत नाही. मुक्कामाच्या पहिल्या रात्री हे लक्षात आले तर सकाळी इलेक्ट्रिशियन बोलावता येतो. निघण्याच्या आदल्या रात्री लक्षात आले, तर वर आखलेल्या सर्व मजला पुन्हा पहिल्यापासून मांडाव्या लागतात.