शर्यतीपूर्वीची शांतता

ऑलिंपिया येथील झ्यूसमंदिराच्या (इ.स.पू. सुमारे ४६०) पूर्वेकडील दर्शनी त्रिकोणातील मूर्तिसमूहाचा विषय पेलॉप्स आणि राजा ओइनोमाओस यांची रथशर्यत हा आहे. वस्तुतः तेथे शर्यत नाहीच. आहे ती शर्यतीपूर्वीची निश्चलता. राजा ताठ उभा आहे. जमिनीवर बसलेल्या वृद्ध द्रष्ट्याचा हात मात्र गालाशी गेला आहे: राजाचा मृत्यू त्याला दिसतो आहे. कथा ठाऊक असलेल्या ग्रीक प्रेक्षकालाही तो दिसत असे.

सॉफक्लीजच्या ‘ईडिपस’मध्ये प्रेक्षकाची स्थिती हीच असते. नायकाला अज्ञात असलेले सत्य त्याला आधीच माहीत असते. यालाच नाट्यात्म उपरोध म्हणतात. शोकात्मिका म्हणजे रंगमंचावरील रक्तपात, ही समजूत येथे टिकत नाही. योकास्टाचा गळफास, ईडिपसने स्वतःचे डोळे फोडणे, हे सारे आत घडते आणि सेवक येऊन सांगतो. मग आंधळा ईडिपस दारातून बाहेर येतो.