वडाभात, जिलेबी आणि कायम निधी

देणगी मिळवणं सोपं, देणारा टिकवणं अवघड. ते कसं जमतं, हे विदर्भात फिरून लिहा, असा संपादकांचा निरोप होता. विदर्भात हा विषय निघाला की गाडी आपोआप चंद्रपूर रस्त्याला लागते. बुटीबोरी, जांब, मग वरोरा. नागपूरहून साधारण शंभर किलोमीटर.

तिथल्या आनंदवनाचा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं. बाबा आमट्यांच्या सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. देणगीदाराच्या नजरेनं पाहिलं तर या इतिहासात दोन जागा थांबण्यासारख्या आहेत. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण देशोदेशींहून इथं बांधकामाला आले. कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कुणी घेत नसे. परदेशी पोरं तीच भाजी रोज खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावानं पाहिलं आणि गिऱ्हाईक येऊ लागलं. पैशाआधी भीती गेली. दुसरी जागा म्हणजे मूल तालुक्यातलं सोमनाथ. तिथं १९६७ च्या सुमारास सुरू झालेल्या श्रमसंस्कार छावणीत दर मे महिन्यात, चंद्रपूरच्या त्या जीवघेण्या उन्हात, महाराष्ट्रभरचे तरुण कुदळ-फावडं घेऊन राबतात. विशीत तिथं बांध घातलेला मुलगा पन्नाशीत पुण्यात स्थिरावतो, आणि मग त्याच्याकडे मागायला जावं लागत नाही. बाबा आमटे भिकेच्या ठाम विरोधात होते; त्यांनी देणाऱ्याकडूनही आधी घामच घेतला. दाता घडवण्याची याहून पक्की रीत मला माहीत नाही.

पण सोमनाथ सगळ्यांकडे कुठून असणार? १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी नागपुरात मातृसेवा संघ उभा केला, तेव्हापासून या शहरात वसतिगृहं, अनाथालयं, वृद्धाश्रम किती निघाले. त्यातले बरेचसे ना कुणा महापुरुषाचे, ना कुणा उद्योगपतीचे. त्यांना जगवलं मध्यमवर्गानं, आणि मध्यमवर्गाला धरून ठेवलं तिथीनं.

मुलांच्या अशाच एका वसतिगृहात, नाव छापायचं नाही या अटीवर, मला तिथीची वही बघायला मिळाली. ती सांभाळणारे काका एजी (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त झालेले. कापडी पुठ्ठ्याची लांबलचक वही. पहिलं पान चैत्र शुद्ध प्रतिपदेचं, शेवटचं फाल्गुन अमावास्येचं. प्रत्येक तिथीखाली नावं: कै. आईंच्या स्मरणार्थ, कै. अण्णांच्या स्मरणार्थ. पुढे रक्कम, पावती क्रमांक, देणाऱ्याचा पत्ता आणि शेवटच्या रकान्यात इच्छा. ‘वडाभात आणि जिलेबी.’ ‘पुरण चालेल, पण श्रीखंड नको, वडिलांना आवडत नसे.’ एका ठिकाणी नुसतंच ‘पोटभर’.

व्यवहार साधा आहे. दात्यानं एक रक्कम कायम निधीत द्यायची, संस्थेनं ती बँकेत ठेव म्हणून ठेवायची आणि व्याजातून दरवर्षी त्या तिथीला मुलांना जेवण द्यायचं. जुन्या काळी गरीब विद्यार्थी गावात वार लावून जेवत. इथं तेच उलट्या बाजूनं झालं, घरंच वसतिगृहाकडे येऊ लागली.

मला गुंतवलं ते या वहीतल्या एका अडवणुकीनं. तिथी इंग्रजी तारखेला जुमानत नाही. यंदा अण्णांची तिथी जुलैत आली, तर पुढच्या वर्षी दहा-अकरा दिवस आधी येणार, आणि मध्ये अधिक मास आला की एकदम पुढे ढकलली जाणार. अधिक मासातच गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध निज मासात धरायचं की कसं, यावर काका पंचांग उघडून बसतात, क्वचित भटजींना फोन करतात. हे सगळं कशासाठी? तर दरवर्षी प्रत्येक घरी कळवावं लागतं की यंदाची तारीख अमुक. म्हणजे पत्र लिहायला कारण शोधावं लागत नाही. पंचांगच ते देतं. ठराविक तारखेचं दान असतं तर चार वर्षांत पत्रव्यवहार आटला असता, असं मला वाटतं. दाते सांभाळण्याचं शास्त्र शिकवणाऱ्यांना अधिक मास कधी सुचेल का, कोण जाणे.

काकांच्या पोस्टकार्डात मागणं कधीच नसतं. तारीख, त्या दिवशी पंगतीत किती मुलं असतील, काय शिजेल आणि वसतिगृहाची एखादी बातमी: नवी विहीर, दहावीचा निकाल. ‘हिशेब सांगून राहिलो नं आपण, मागून नाही राहिलो,’ ते म्हणाले. ‘ज्याला यायचं तो येते जेवायला.’ खरंच येतात. मुलं, सुना, नातवंडं पंगतीत बसतात, वाढतात, आणि निघताना कुणीतरी आणखी एका तिथीची चौकशी करतं.

हे इतकं छान चाललेलं यंत्र आता कुरकुरतंय, आणि त्याचं मूळ त्या ‘कायम’मध्येच आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ठेवींवर १२-१३ टक्क्यांपर्यंत व्याज मिळे. तेव्हाच्या १,००० रुपयांच्या निधीवर वर्षाला सव्वाशे रुपये, आणि सव्वाशेत बऱ्यापैकी पंगत उठायची. आज सात टक्के धरले तर हातात ७० रुपये. त्यात पंगतीचं तेलही येत नाही. संस्था शब्द मोडत नाही, दुसऱ्या पैशातून जेवण घालते; म्हणजे आजचा दाता न कळत कालच्या दात्याचा शब्द पाळतो. हे दोघांनाही सांगायला हवं, असं माझं मत आहे. काकांना ते पत्र लिहिता येत नाही. जो माणूस गेला, त्याच्या मुलाला ‘तुमच्या आईचे पैसे पुरत नाहीत’ हे कोणत्या शब्दांत लिहायचं?

शिवाय तो मुलगा अमेरिकेत. त्याच्याकडे भारताचा पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं की त्याच आईच्या तिथीचे पैसे परदेशी देणगी ठरतात. संस्थेला परदेशी देणगीची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं हवं. छोटं वसतिगृह तेवढ्यासाठी हे करत नाही. मग मुलगा इथल्या चुलतभावाला सांगतो, चुलतभाऊ देतो, पावती चुलतभावाच्या नावानं फाटते, आणि पोस्टकार्ड चुलतभावाकडे जाऊ लागतं. दोन वर्षांत मुलाचा धागा सुटतो.

उरलेल्यांचा प्रश्न कराचा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०-जीची सवलत नाही. २०२१-२२ पासून देणगीदारांची नावं पॅन किंवा आधारसारख्या ओळख क्रमांकासह आयकर खात्याला कळवावी लागतात. आणि २०२३-२४ पासून जी नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात ही सवलतच मिळत नाही. काकांना याची फिकीर कमी. ‘सवलतीसाठी देणारा तिथी नाही लावत,’ असं ते म्हणतात, आणि ते बहुधा बरोबर आहे. त्यांना सलतो तो दाराशी लावलेला क्यूआर कोड. त्यावर ५०१ रुपये येतात. कुणाचे, कशाप्रीत्यर्थ, ते कळत नाही. पैसे आले आणि पत्ता आला नाही, हे त्यांच्या हिशेबात जमेच्या बाजूला बसत नाही.

कार्यकारिणीतल्या तरुण सभासदांनी आता ठराव मांडलाय: यापुढे तिथी कायमची नाही, १५ वर्षांची, मुदत संपली की घरच्यांना विचारायचं. व्याजाचं गणित पाहिलं तर मला ते रास्त वाटतं, आणि विचारण्याच्या निमित्तानं पुढची पिढी पुन्हा दारात येईल हेही आहे. काकांचा विरोध आहे. जुन्या नोंदींना हा ठराव लावू नये, एवढं त्यांनी लेखी दिलंय. नव्यांसाठी पंधरा वर्षं की पंचवीस, यावर अजून एकमत नाही.