नेम कोण धरतं?

पूलच्या टेबलावर पांढरा बॉल आणि तुम्हाला घालायचा रंगीत बॉल यांच्यात एक मीटर अंतर आहे असं समजा. रंगीत बॉलपासून पॉकेट आणखी एक मीटर पुढे. तिन्ही अगदी एका रेषेत. म्हणजे कट नाही, काही नाही, सरळसोट फटका. आता क्यूची, म्हणजे फटक्याच्या काठीची, दिशा फक्त 0.1 अंशाने चुकली तर?

कंपासपेटीतल्या कोनमापकावर दोन बारीक रेघांमध्ये एका अंशाची फट असते. तिचा हा दहावा हिस्सा. एवढ्याशा चुकीने पांढरा बॉल मीटरभर जाईपर्यंत पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकतो. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण पूलचा बॉल गोल आहे, त्याचा व्यास सुमारे 57 मिलिमीटर, आणि गोल वस्तूला मधोमध न लागता जरा कडेला लागलं की ती भलत्याच दिशेला पळते. आपली चूक इथे सतरापटीहून जास्त फुगते. रंगीत बॉल पावणेदोन अंश भरकटतो आणि पॉकेटपाशी पोचतो तेव्हा तीन सेंटिमीटर बाजूला असतो. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटिमीटर. त्यातून बॉलची रुंदी वजा केली की दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन सेंटिमीटर सवलत उरते. म्हणजे आपण अगदी काठावर आलो! बॉल पॉकेटच्या जबड्याला आपटून थरथरतो, आणि आत जायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर.

हा झाला सोपा फटका. साठ अंशांचा कट असेल तर तीच चूक आणखी दुप्पट होते.

क्यू जिथे बोटांवर टेकलेला असतो तिथपासून त्याच्या टोकापर्यंत वीतभर अंतर असतं. त्या वीतभरात 0.1 अंश म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. आणि इतक्या काटेकोरपणे काठी चालवण्याचं काम लेक्चर बुडवून पार्लरमध्ये आलेली पोरं गप्पा मारता मारता करत असतात. त्यांना विचारा, ‘नेम कसा धरतोस रे?’ जरा गोंधळून उत्तर येतं, ‘दिसतं ना.’

काय दिसतं? खरं तर तिथे काहीच दिसत नाही. रंगीत बॉल पॉकेटमध्ये जायला हवा, तर त्याला पॉकेटच्या बरोब्बर विरुद्ध बाजूच्या बिंदूवर धक्का लागला पाहिजे. मग त्या बिंदूकडे पांढरा बॉल मारला की झालं? नाही! तसं केलंत तर हमखास चुकाल. कारण पांढरा बॉलही गोल आहे. त्याचा मध्य त्या बिंदूच्या दिशेने निघाला, तरी मध्य पोचायच्या आधीच त्याची कड रंगीत बॉलला दुसऱ्याच जागी जाऊन भिडते. नेम धरायचा असतो तो त्या बिंदूपासून अर्धा बॉल अलीकडे, रिकाम्या कापडावर. धडकेच्या क्षणी पांढऱ्या बॉलचा मध्य जिथे असायला हवा, ती ही जागा. शिकवणारे तिला ‘घोस्ट बॉल’ म्हणतात, भुताचा बॉल. नाव अगदी रास्त आहे. नसलेल्या बॉलच्या मध्यावर नेम धरायचा, आणि तोही 0.1 अंशाच्या आत.

बरं, हे भूत तुम्हाला स्पष्ट दिसलं, भूमिती पक्की बसली, क्यू सरळ चालला. तरीही बॉल चुकतो! कारण दोन बॉल भिडतात तेव्हा ते एकमेकांवर किंचित घासतात. त्या घर्षणाने रंगीत बॉल भूमितीने आखलेल्या रेषेवरून थोडा ओढला जातो, पांढरा बॉल ज्या बाजूला चालला होता त्या बाजूला. फटका हळू असेल तर जास्त, जोरात असेल तर कमी. बॉल मळके असतील तर आणखी जास्त. म्हणजे कट घ्यायचा तो हिशेबापेक्षा जरा पातळ घ्यायला हवा, आणि किती पातळ ते दर फटक्याला वेगळं. खेळणाऱ्यांपैकी किती जणांनी या घर्षणाबद्दल ऐकलं असेल? फार थोड्यांनी. पण मुरलेल्या खेळाडूंचा हात ती दुरुस्ती करतोच. कोणी सांगितलेलं नसताना करतो, आणि करतोय हे त्यांच्या गावीही नसतं. मला या खेळातलं सगळ्यात थक्क करणारं सत्य हे वाटतं: जाणीवपूर्वक आखलेली शुद्ध भूमिती जिथे चुकते, तिथे अडाणी हात बरोबर असतो.

कॅरमवर वाढलेल्या आपल्या लोकांना कटाची नजर आयती असते. फसगत होते ती नंतर, पांढरा बॉल कुठे जाऊन थांबणार या प्रश्नावर. स्ट्रायकर घसरतो; बॉल मात्र घसरतो, लोळतो आणि स्वतःभोवती फिरकीही घेतो. धडकेनंतर तो सरळ न जाता वळण घेत जातो. या वळणाचा आकार नेमका कसा असतो? फ्रेंच गणिती गास्पार-गुस्ताव कोरिओलिस यांनी 1835 मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि ते वळण पॅराबोला असतं हे दाखवून दिलं. वाऱ्यांची आणि चक्रीवादळांची दिशा समजावताना ज्यांचं नाव आपण शाळेत ऐकलं, तेच हे कोरिओलिस. पण त्या ग्रंथाचं पानही न उलटलेले लाखो लोक रोज पांढरा बॉल हव्या त्या जागी नेऊन ठेवतात.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1953 च्या एका गाजलेल्या निबंधात नेमका हाच खेळाडू उभा केला. कसलेला बिलियर्ड्सपटू जणू अवघड सूत्रं येत असल्यासारखा खेळतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात त्याला विचारलं, तर आपल्याला ते असंच उमगतं म्हणेल, आणि वर खात्रीसाठी सशाच्या पायाचा ताईत चोळून घेईल. फ्रीडमनना त्यातून बाजारपेठेबद्दल काही सांगायचं होतं. बाजाराचं राहू द्या. ते ‘जणू’ डोक्यात कुठे राहतं, हा प्रश्न जास्त गमतीचा आहे.

त्याचा पहिला ठोस धागा पूलच्या टेबलापासून फार दूर सापडला. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणावर 1953 मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची शक्ती गेली. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की हेन्रीसाठी तो नवाच. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्यांना एक काम दिलं: कागदावरच्या चांदणीच्या दुहेरी कडेमधून पेन्सिल फिरवायची, पण हात आरशात बघून. करून पाहा, पहिल्यांदा पेन्सिल नको तिकडे पळते. हेन्रींचीही पळाली. तीन दिवसांत मात्र त्यांचा हात सफाईने चालू लागला. आणि दर दिवशी त्यांची खात्री असायची की हे काम आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय! हात शिकला, माणसाला पत्ताच नाही. आठवणी साठवणारं दुकान बंद होतं, पण हाताचं खातं दुसरीकडेच चालू होतं.

त्या खात्याचा मोठा भाग डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत असतो. वजनाने एकूण मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज या एवढ्याशा लहान मेंदूत आहेत. पाचांतल्या चार! विचार, भाषा, चिंता, पाढे हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं असं आपण समजतो, त्या मोठ्या मेंदूच्या वाट्याला उरलेल्या. इतक्या पेशी लहान मेंदूला कशाला लागतात? त्याच्या मुख्य कामांपैकी एक म्हणजे भाकीत. हात असा हलला तर पुढच्या क्षणी काय जाणवेल, काय दिसेल याचा अंदाज तो आधीच बांधतो, आणि प्रत्यक्षात वेगळं घडलं तर त्या फरकानुसार अंदाज बदलतो.

पूलमध्ये भाकिताशिवाय गत्यंतरच नाही. क्यूचं टोक आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सुमारे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते. हातातली जाणीव मेंदूपर्यंत जाऊन दुरुस्ती परत यायला याच्या कैकपट वेळ लागतो. ‘फटका मस्त बसला’ असं हाताला कळतं तेव्हा पांढरा बॉल केव्हाच निघून गेलेला असतो. जे काही करायचं ते आधीच. आणि शिकवणीच्या दृष्टीने टेबल कमालीचं प्रामाणिक आहे: बॉल डाव्या जबड्याला लागला की उजव्या, किती अंतराने, हे तत्काळ डोळ्यांसमोर. असं रोखठोक उत्तर दर फटक्याला मिळत असेल तर लहान मेंदूला आणखी काय हवं!

टेबलाच्या या शिकवणीत वाढलेले फिलिपिन्सचे पूलपटू एफ्रेन रेयेस लहानपणी मनिलातल्या काकांच्या पूल हॉलमध्ये राहायचे. रात्री झोपायचे टेबलावरच, आणि उंची पुरत नाही म्हणून खोक्यांवर उभे राहून खेळायचे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या रीनो शहरात प्रतिस्पर्धी अर्ल स्ट्रिकलंडने पांढरा बॉल असा लपवून ठेवला, की रेयेसना पाच नंबरचा बॉल सरळ मारायची वाटच नव्हती. रेयेसनी पांढरा बॉल दोन कुशनवरून इंग्रजी झेडच्या आकारात फिरवून आणला आणि पाच नंबर पॉकेटमध्ये घातला. त्याची चित्रफीत आजही बघता येते. कोरिओलिस तिथे उभे असते तर त्यांना कागद मागावा लागला असता.

मग विचार करूच नये का? इथे मला ‘फक्त मनाचा आवाज ऐका’ छापाचे सल्ले देणाऱ्यांशी भांडावंसं वाटतं. कुठला बॉल घ्यायचा, पांढरा कुठे थांबवायचा, किती जोर, हे सगळं विचाराचंच काम आहे, आणि ते उभं राहून करायचं. वाकलात की विचाराची पाळी संपली. वाकल्यावर डोक्यात ‘कोपर सरळ ठेव, मनगट सैल’ सुरू झालं की फटका बिघडलाच म्हणून समजा. मानसशास्त्रज्ञ बायलॉक आणि सहकाऱ्यांनी हे गोल्फमध्ये तपासलं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात खेळाडूंना चेंडू झटपट मारायला सांगितलं. नवशिक्यांचा खेळ बिघडला, मुरलेल्यांचा चक्क सुधारला! त्यांना स्वतःच्या हातात लुडबुड करायला वेळच उरला नाही.

म्हणजे घाईच बरी? तसंही नाही. 2002 मध्ये बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला गेला. क्यू पुढे येण्यापूर्वीची शेवटची स्थिर नजर चांगल्या खेळाडूंची जास्त वेळ टिकत होती. बसलेल्या फटक्यांत ती चुकलेल्यांपेक्षा लांब होती, फटका अवघड असेल तर आणखी लांब. वेळेची मर्यादा घातली तर ती आखडायची आणि खेळ ढासळायचा. थोडक्यात, डोळ्याला वेळ हवा, बडबडीला नको. वाकल्यावर शब्द बंद होतात, पण बघणं बंद होत नाही. उलट ते तेव्हाच नीट सुरू होतं.

स्नूकरमध्ये रॉनी ओसलिव्हनने 1997 च्या जागतिक स्पर्धेत एकाच पाळीत 147 गुणांचा ब्रेक पाच मिनिटं आठ सेकंदांत पुरा केला. छत्तीस बॉल; दर बॉलला साडेआठ सेकंदांच्या आसपास, त्यात टेबलाभोवती चालणंही आलं. बघताना वाटतं, हा नेम धरतोय कधी? धरतो. चालतानाच.

आता एक प्रयोग करून पाहा. थोडंफार खेळत असाल तर क्यू दुसऱ्या हातात घ्या आणि नेहमीचा सोपा कट मारा. बॉल कुठे लागायला हवा हे पूर्वीइतकंच लख्ख दिसेल. ती समज हाताबरोबर बदलत नाही. पण क्यू मात्र नागासारखा वळवळेल. आतापर्यंत एकजीव वाटणारा ‘अंदाज’ एका झटक्यात दोन तुकडे होऊन समोर येतो: डोळ्याचा एक आणि दंडाचा एक. पहिला दोन्ही हातांना फुकट मिळतो, दुसरा प्रत्येक हाताला वेगळा कमवावा लागतो. रॉनीने तो दोन्ही हातांसाठी कमावलेला आहे. 1996 च्या जागतिक स्पर्धेत मूळचा उजवा असलेला हा गडी कॅनडाच्या आलँ रोबिडूविरुद्ध खुशाल डाव्या हाताने फटके मारू लागला. समोरच्याला हा आपला धडधडीत अपमान वाटला. सामना 10–3 असा हरल्यावर रोबिडूने रॉनीशी हात मिळवला नाही. डावाही नाही, उजवाही नाही.