‘दुर्मिळ’ आणि ‘सौम्य’ : लसीकरणोत्तर हृत्स्नायुदाहाची परिभाषा

कोविड-१९ची लस टोचल्यावर, बहुधा दुसऱ्या मात्रेनंतर दोन-तीन दिवसांत, काही कुमारवयीन मुलांच्या छातीत दुखू लागे, धाप लागे. रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले आढळे. असे वृत्तांत २०२१च्या पूर्वार्धात प्रथम इस्रायलमधून व मागोमाग अमेरिकेतून आले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फायझर व मॉडर्ना यांच्या एम-आरएनए लसींच्या माहितीपत्रकांत तसा इशारा घातला. या विकारास मायोकार्डायटिस म्हणतात. मराठीत हृत्स्नायुदाह किंवा हृत्स्नायुशोथ.

अडचण नावापासूनच सुरू होते. ग्रीक ‘-आयटिस’ हा प्रत्यय मूळचा केवळ संबंधवाचक, ‘अमक्या अवयवाचा (रोग)’ एवढाच. दाहाचा अर्थ वैद्यकाने त्यास पुढे जोडला. मराठी ‘दाह’ मात्र आग सुचवितो. हृदयाचा दाह म्हणजे छातीतील जळजळ, म्हणजे पित्त, अशी घरच्या माणसांची समजूत होणे अगदी शक्य आहे. आणि मुलाला वेळीच डॉक्टरांकडे नेण्याच्या दृष्टीने ती घातक होय. या दृष्टीने ‘शोथ’ हा शब्द, बोजड असला तरी, बरा.

त्याहून फसवी ती विशेषणे. ‘दुर्मिळ’ या शब्दाला छेद लागतो. अमेरिकेतील डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळातील नोंदींनुसार फायझरच्या दुसऱ्या मात्रेनंतर १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत दर दहा लाख मात्रांमागे सुमारे १०६ रुग्ण आढळले. म्हणजे सुमारे साडेनऊ हजारांत एक. २०२५ साली सुधारलेल्या अमेरिकी माहितीपत्रकांत २०२३-२४च्या लसींसाठी दोन आकडे शेजारीशेजारी आहेत : सहा महिने ते ६४ वर्षे या सर्वांत दहा लाखांमागे सुमारे ८, तर १२ ते २४ वयाच्या पुरुषांत सुमारे २७. दोन्ही खरे, परंतु पहिल्याच्या सरासरीत दुसरा दिसेनासा होतो. कोविडच्या संसर्गानेही हाच विकार होतो, तेव्हा तोही आकडा त्याच वयाचा व त्याच लिंगाचा घेऊन तुलना केली पाहिजे.

‘सौम्य’ची गोष्ट निराळी. वरील २०२०-२१च्या नोंदींपैकी ज्या तिशीखालील रुग्णांची सविस्तर माहिती मिळाली त्यांतील सुमारे ९६ टक्के रुग्णालयात दाखल झाले होते, आणि बहुतेकांची लक्षणे घरी जाण्यापूर्वी निवळली होती. वैद्याच्या लेखी हे सौम्यच, कारण अतिदक्षतेची वेळ क्वचितच आली. परंतु तीन ते सहा महिने खेळ व व्यायाम वर्ज्य, ही त्याच ‘सौम्य’ विकाराची पथ्ये होत. मातेच्या कोशात या शब्दाचा अर्थ असा नाही.

‘लस’ हे सामान्यनामही असेच सैल. भारतात जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटास दिलेली कोव्हॅक्सिन निष्क्रिय विषाणूची होती, तर मार्चपासून १२ ते १४ वयाच्या मुलांना दिलेली कॉर्बेव्हॅक्स प्रथिनाधारित. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलाला लागू पडणारा वरील आकडा पुण्यातील त्याच्या मावसभावाला लावता येत नाही.