मौक्तिक थराची संरचना आणि चिवट सिरॅमिक पदार्थांची निर्मिती

प्रस्तावना :
अभियांत्रिकीत कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन भिन्न गुणधर्म मानले जातात. ओरखड्याला विरोध करणे म्हणजे कठीणपणा, तर पडलेल्या तड्याचा प्रसार रोखणे म्हणजे चिवटपणा होय. सिरॅमिक पदार्थ कठीण व उष्णता सहन करणारे असतात. परंतु त्यांतील सूक्ष्म तडा कोणतीही पूर्वसूचना न देता आरपार धावतो. भार पेलणाऱ्या भागांसाठी त्यांचा वापर मर्यादित राहिला, तो याच कारणाने. या प्रश्नाचे एक उत्तर मृदुकाय प्राण्यांच्या कवचात आढळते.

मौक्तिक थराची संरचना :
शिंपल्याच्या आतील चकाकणारा मौक्तिक थर वजनाने सुमारे ९५ टक्के अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा असतो. हे खनिज स्वतः ठिसूळ आहे. उर्वरित भाग मुख्यतः प्रथिने व कायटिन यांचा असतो. सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या खनिज चकत्या थरांत रचलेल्या असून त्यांच्यामध्ये सेंद्रिय पदार्थाचा अत्यंत पातळ लेप असतो. वीटकामात वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाहीत. येथील रचनाही तशीच आहे.

ताण आल्यावर या चकत्या फुटण्याऐवजी एकमेकींवरून किंचित सरकतात. त्यांच्या पृष्ठावरील सूक्ष्म उंचवटे व खनिजसेतू ही घसरण आवरून धरतात, तर सेंद्रिय लेप ताणला जाऊन ऊर्जा शोषतो. तड्याला सरळ मार्ग मिळत नाही. लेपाचे हे कार्य ओलाव्यावर अवलंबून असल्याने कोरडा मौक्तिक थर ओल्यापेक्षा कमी चिवट ठरतो.

मौक्तिक थर शुद्ध अ‍ॅरागोनाइटपेक्षा ३००० पट चिवट आहे, असे वारंवार लिहिले जाते. हा आकडा भंगासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा आहे. तो थर ३००० पट अधिक भार पेलतो, असा त्याचा अर्थ नव्हे. अध्यापनात हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

अभियांत्रिकीतील अनुकरण :
अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००६ मध्ये गोठणाऱ्या पाण्याचा उपयोग करून घेतला. सिरॅमिक भुकटी मिसळलेले पाणी एका दिशेने गोठविले असता बर्फाचे पापुद्रे वाढतात व भुकटी त्यांच्यामधील फटींत ढकलली जाते. नंतर बर्फ निर्वातात उडवून उरलेला सांगाडा भाजला जातो. २००८ मध्ये याच पद्धतीने ॲल्युमिना व पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट यांचे संमिश्र तयार झाले. त्याचा चिवटपणा, ऊर्जेच्या परिभाषेत, घटक पदार्थांच्या ३०० पटींहून अधिक भरला. मात्र बहुवारिक उच्च तापमानात टिकत नाही. २०१४ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी केवळ खनिज घटकांपासून अशी रचना साधली. तिचे गुणधर्म ६०० अंश सेल्सिअसलाही टिकून राहिले.

दुसरा मार्ग :
जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसविलेले प्लॅक्युना प्लॅसेंटा या प्राण्याचे पारभासक शिंपले परिचित आहेत. हे कवच वजनाने सुमारे ९९ टक्के कॅल्साइटचे असते. २०१४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाखवून दिले की, आघात होताच त्याच्या स्फटिकांत अतिसूक्ष्म जुळी रचना निर्माण होते. तिच्यामुळे आघाताची ऊर्जा विखुरते आणि इजा एका लहान क्षेत्रातच अडविली जाते. चिवटपणा साधण्याचा एकच मार्ग नाही, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
चिवटपणा केवळ द्रव्यावर नव्हे, तर द्रव्याच्या मांडणीवर अवलंबून असतो, हा या अभ्यासाचा मुख्य बोध होय. तथापि अनुकरण अद्याप अपूर्ण आहे. शिंपला आपले कवच समुद्राच्या पाण्यात, सामान्य तापमानाला घडवितो; प्रयोगशाळेत ॲल्युमिनाचा सांगाडा भाजण्यास सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. हे अंतर कमी करावयाचे तर कवच कसे आहे याबरोबरच ते कसे वाढते, हेही जाणून घ्यावे लागेल. त्यासाठी प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व अभियांत्रिकी या विभागांनी आपापल्या चौकटी ओलांडून एकत्र काम करणे आवश्यक ठरते.