मुंगी-शेवगावचा तह आणि खुलताबादची कबर

खुलताबादला आलात की सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात हैदराबादच्या पहिल्या निजामाची, निजाम-उल-मुल्काची कबर नक्की पाहा. फेब्रुवारी 1728 मध्ये याच जिल्ह्यात, वैजापूरजवळच्या पालखेडला पहिल्या बाजीराव पेशव्याने त्याला असं कोंडलं, की फौजेला रसद मिळेना, प्यायला पाणीही मिळेना. अखेर बोलणी सुरू झाली आणि 6 मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला.

मला यातलं एक कलम फार मोलाचं वाटतं. ‘खरा छत्रपती कोण, शाहू की कोल्हापूरचे संभाजी?’ असं म्हणत निजामाने मराठ्यांची चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) अडवली होती. तहात त्याला शाहूंचाच हक्क मान्य करावा लागला! चौथ-सरदेशमुखीही पुन्हा सुरू झाली, हाकललेले मराठी कमाविसदार (वसुली अधिकारी) परत आले.

1737 च्या अखेरीस भोपाळला बाजीरावाने निजामाला पुन्हा कोंडलं. दोराहाच्या तहात त्याने मराठ्यांना माळवा द्यायचं कबूल केलं.